दिनविशेष : १४ जुलै
२०१४ : सीरियात मदतीला सीमा खुल्या

सीरियातील यादवीला तीन वर्षे उलटून गेली होती. वेढ्यात अडकलेल्यांपर्यंत मदत पोहोचू द्या, असे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने फेब्रुवारीतच बजावले होते. दमास्कसने परवानग्या अडवून ठेवल्या. अखेर ऑस्ट्रेलिया, जॉर्डन आणि लक्झेंबर्ग यांनी मांडलेला ठराव क्रमांक २१६५ या दिवशी एकमताने मंजूर झाला. सीरियासंबंधीचे अनेक ठराव नकाराधिकाराने पाडणाऱ्या रशिया आणि चीननेही बाजूने मत दिले, हे विशेष.

तुर्कस्तानच्या सीमेवरील बाब अल-सलाम आणि बाब अल-हवा, इराकच्या सीमेवरील अल-यारुबिया व जॉर्डनच्या सीमेवरील अल-रमथा या चार नाक्यांतून ट्रक आत जाणार होते. सीरिया सरकारची संमती नव्हे, फक्त पूर्वसूचना पुरेशी ठरली. भुकेल्यांच्या बाजूने घेतलेला हा खरोखर धाडसी निर्णय. मुदत मात्र १८० दिवसांचीच, त्यामुळे दर नूतनीकरणाला सौदेबाजी आली. २०२० मध्ये नाके आधी दोन, मग एकच उरला. जुलै २०२३ मध्ये रशियाच्या नकाराधिकारामुळे मुदतवाढ बारगळली आणि लाखो विस्थापितांची मदत पुन्हा दमास्कसच्या परवानगीवर आली.