ॲक्झोलोटलचा पॅरिसमधील संसार

ॲक्झोलोटल हा उभयचर प्राणी मेक्सिकोच्या खोऱ्यातील लोकांच्या आहारात प्राचीन काळापासून होता. हौशी लोकांच्या काचपात्रांत मात्र तो आला पॅरिसमार्गे. हुम्बोल्टने आणलेले मृत नमुने पाहून क्युव्हिएने, बाह्य कल्ल्यांवरून, ही कोणत्यातरी अज्ञात सॅलॅमँडरची डिंभावस्था असावी असे अनुमान केले होते. ते पडताळण्यास जिवंत प्राणी हवे होते. इ. स. १८६३ मध्ये असे ३४ प्राणी मेक्सिकोहून पॅरिसला रवाना झाले. त्या वेळी फ्रेंच फौजा मेक्सिकोत होत्या, हे येथे विसरून चालणार नाही.

त्यांपैकी पाच नर व एक मादी इ. स. १८६४ च्या जानेवारीत ओग्युस्त द्युमेरिल यांच्या हाती आली. पुढील वर्षी मादीने अंडी घातली. कल्ले असलेला जीव प्रजोत्पादन करतो, तेव्हा तो डिंभ कसा? परंतु लवकरच पिलांपैकी काहींचे कल्ले झडले व ती स्थलचर झाली! क्युव्हिएचे अनुमान खरेही ठरले आणि अपुरेही. मारी फॉन शोव्हाँ या विदुषीने पुढे पाणी क्रमाक्रमाने कमी करून हेच रूपांतर घडवून आणले. त्यामागील अवटू ग्रंथीचे कार्य विसाव्या शतकात उलगडले.

द्युमेरिल यांनी ही संतती मुक्तहस्ताने वाटली. प्रयोगशाळांतील व घरांतील पुष्कळशा ॲक्झोलोटलांचे कूळ त्या एका मादीपर्यंत पोहोचते. सोचिमिल्कोच्या कालव्यांत मात्र इ. स. १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० आढळलेले हे प्राणी इ. स. २०१४ मध्ये ३६ च्या आसपास उरले होते.