पोपटी : जाळावरच्या जेवणाचा वारसा

'बार्बेक्यू' हा शब्द आता आपल्या शहरांतील उपाहारगृहांच्या पाट्यांवरही झळकू लागला आहे. त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या 'बार्बाकोआ'त, म्हणजे लाकडी माचात, आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लेखकांनी तो शब्द युरोपात नेला. पुढे अमेरिकेतील टेक्सासात जर्मन व चेक खाटकांनी धुरावर गोमांस शिजवण्याची रीत रुजवली. छातीचा निबर, स्वस्त तुकडा मंद आचेवर दहा-बारा तास राहिला की त्यातील चिवट कोलॅजनचे मऊ जिलेटिन होते. गरिबाच्या वाट्याचे मांस असे मेजवानीचे झाले.

आपल्या रायगडातील पाली परिसरात हेच काम पोपटी करते. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. थंडीत त्याच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी रचतात. तोंड पाल्याने बंद करून मडके पालथे घालतात आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगांच्या वाफेवरच सारे शिजते.

मात्र ही चव आपण समजतो तितकी एकट्या मातीची नाही. पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलला पाय रोवले. त्यांच्या व्यापारातून अमेरिकेतील मिरची पश्चिम किनाऱ्यावर आली, बटाटाही तिथलाच. म्हणजे बार्बाकोआच्या खंडातले जिन्नस पालीच्या मडक्यात केव्हाच पोहोचले होते.

पोषणाचा हिशेबही पाहू. गोमांसात उत्तम प्रथिने, लोह व बी-१२ जीवनसत्त्व असते. परंतु धूर देऊन वा खारवून टिकवलेले मांस कर्करोगास कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली दिला. पोपटीत ज्वाळा मडक्याबाहेर राहते, चरबी निखाऱ्यावर ठिबकत नाही आणि कोंबडीच्या प्रथिनांना वालाची प्रथिने व तंतू यांची जोड मिळते.

आज रायगडातील भातखाचरांचे भूखंड पडत आहेत. पोपटी हॉटेलांतूनही मिळू लागली, याचा आनंद आहेच. पण मडके बाजारातून आणता येईल. शेंग मात्र शेतातच लागते. शेत टिकले, तरच त्या जाळाभोवती शेजारी जमतील.