परिचारिका (बारामती-इंदापूर)

नोंदणीकृत रुग्णसेविका. बोलीत ‘सिस्टर’, सरकारी कागदावर ‘अधिपरिचारिका’. बारावीनंतर जीएनएम ३ वर्षे, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षे. एएनएम अभ्यासक्रम २ वर्षांचा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय नोकरी नाही.

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय जुने. २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि थेट सरकारी पदांची दारे गावातच उघडली. इंदापूरलाही उपजिल्हा रुग्णालय आहे. बाकी भार प्राथमिक आरोग्य केंद्रांवर. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवरची (ऊसतोड मजुरांच्या झोपडीतली) बाळंतीण तिथेच येते, बहुधा माता-बाल कार्डाशिवाय. मग सिस्टर तारखा तोंडी विचारून रजिस्टर भरते.

सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४००–१,१२,४०० रुपये. पुढे परिसेविका, अधिसेविका. बढतीची वाट मात्र लांब. कंत्राटी सिस्टर त्याच वॉर्डात तीच रात्रपाळी करते, ठोक मानधनावर. खासगीसाठी केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये ५० खाटांखालील रुग्णालयांत किमान २०,००० रुपये सुचवले. ती शिफारसच राहिली. म्हणून अनुभव गाठीशी बांधून अनेक जणी पुण्याची एसटी धरतात.