स्टेपनीची जागा



गेल्या गळीत हंगामात रात्री अकराला आमची उसाची ट्रॉली भर रस्त्यात पंक्चर झाली. स्टेपनी होती, पण ट्रॉलीच्या पोटाखाली टांगलेली. चाक बसल्यानं ट्रॉली त्या अंगाला दबलेली आणि स्टेपनीचा नट गंजून घट्ट. अर्धा ऊस खाली उतरवला तेव्हा कुठं ती हाताला लागली. तोवर दोन तास पोरगा मागं उभा राहून येणाऱ्या गाड्यांना बॅटरी दाखवत होता. जीव नुसता टांगणीला.

तेव्हापासून डोक्यात होतं, ही स्टेपनी तिथं गेलीच कशी?

आजोबांच्या बैलगाडीला स्टेपनी नव्हती, कारण पंक्चरच नव्हतं. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव. धाव ढिली झाली की सुतार-लोहाराकडं जायचं. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर! पुढं हवेचा टायर बैलगाडीलाही आला आणि त्यांचं नाव आपल्या 'डनलॉप गाडी'ला चिकटलं. बैलांची ओढ हलकी झाली, पण पंक्चर मागं लागलं.

'स्टेपनी' हे तर एका रस्त्याचं नाव. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा काढला. त्या काळी मोटारीचं चाक सहज निघत नसे. म्हणून त्यांची स्टेपनी म्हणजे बिनआऱ्यांची रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर चाक न काढता त्यालाच ती आवळून बसवायची आणि निघायचं. कंपनी गेली, नाव आपल्याकडं राहिलं. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात.

त्या जुन्या मोटारींत जादा चाक बहुधा बाजूच्या पायरीवर असायचं, हात घातला की मिळेल असं. पुढं जागा वाचवायला ते डिकीत आणि गाडीखाली गेलं. कारला ते चालतं. कारखान्याकडं निघालेल्या भरल्या ट्रॉलीला नाही.

म्हणून यंदा आम्ही स्टेपनी पुढच्या फाळक्याबाहेर, उभ्या ब्रॅकेटवर घेतली. ब्रॅकेट पत्र्याला नाही, चेसिसला वेल्डिंग केलं. वळताना ट्रॅक्टरचं मोठं चाक घासत नाही ना, ते आधी दोन्हीकडं वळवून बघितलं. मागं लावली नाही, कारण तिथं रिफ्लेक्टर झाकला जातो. शिवाय दोनचाकी ट्रॉलीला मागचं वजन हूक वर उचलतं.

स्टेपनीची जागा ट्रॉली रिकामी असताना ठरवू नका. भरलेली आहे, रात्र आहे, एक चाक बसलंय असं धरून ठरवा. आणि हंगामाआधी नट एकदा खोलून ग्रीस लावा.