शीळ रस्त्यावर जन्मलेली फ्रेंच गाडी

मागच्या खेपेला कल्याणच्या प्राचीन बंदरावर बोलून झाल्यावर आयोजकांनी विचारलं, पुढचा विषय काय? आम्ही गमतीनं म्हटलं, आमच्या जुन्या मोटारीवर बोलतो. त्यांनी ते मनावर घेतलं आणि पत्रिकाही छापून टाकली. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं मोटारीवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल, वाटू द्या. एक खुलासा आधीच करतो. आमचा 'आम्ही' आज आदरार्थी नाही. गाडी आम्हा नवराबायकोच्या दोन पगारांतून आली, त्यामुळे तिच्याबद्दल एकवचनात बोलण्याची घरातून परवानगी नाही.

मोटारींच्या जगात 'ग्रँड टुरिंग' नावाची एक जात आहे. मूळ शब्द इटालियन, 'ग्रान तुरिस्मो', आणि त्याच्याही मागे सतराव्या-अठराव्या शतकातला इंग्रज सरदारपुत्रांचा रिवाज आहे. शिक्षण संपलं की पॅरिस, फ्लोरेन्स, रोम असा लांबचा प्रवास करून यायचं. 1951 साली लान्चिया कंपनीनं ऑरेलिया बी-20 जीटी काढली, तिथून ही दोन अक्षरं विशेष गाजली. अर्थ असा की गाडी नुसती वेगवान असून भागत नाही. दिवसभर चालवून संध्याकाळी उतरलं तर पाठ आणि डोकं दोन्ही जागेवर असलं पाहिजे. आमच्या मते ही चांगली व्याख्या आहे, कारण तिच्यात यंत्राचं माप माणसाच्या थकव्यावर ठरतं.

आता अशी गाडी आपल्याकडे का आली नाही? वालचंद हिराचंद, मूळचे सोलापूरचे, यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. पुढं 1953 च्या सुमारास सरकारनं धोरण ठरवलं, की इथं सुटे भाग खरोखर बनवायचे असतील तर राहा, नुसती जोडणी करणार असाल तर नको. शिवडीत 1928 पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. मग आपल्या वाट्याला कोणत्या गाड्या आल्या? अँबेसेडर, स्टँडर्ड आणि फियाट. आधीची ती गोल पाठीची, जिला आपण प्रेमानं 'डुक्कर फियाट' म्हणायचो. नंतर 1964 ची डिलाइट, आणि तिचीच पुढं 1974 मध्ये पद्मिनी झाली. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. तोवर मुलगी लग्नाला यायची.

पण मराठी माणसानं त्याच पद्मिनीतून आपला ग्रँड टूर केलाच की. चार मोठी, तीन पोरं, डिकीत स्टोव्ह, टपावर वळकट्या, आणि कोल्हापूर, गणपतीपुळे, गोवा. घाटात बॉनेट उघडून इंजिन थंड होईपर्यंत दशम्या सोडायच्या. ज्यांनी हे केलंय त्यांनी हात वर करा. बघा, निम्मं सभागृह.

1980 नंतर जरा वारं फिरलं. 1984-85 च्या सुमाराला तीन मोठ्या गाड्या आल्या. काँटेसा आली ती ब्रिटिश व्हॉक्सॉलचं अंग आणि सुरुवातीला अँबेसेडरचंच इंजिन घेऊन. स्टँडर्ड 2000 ला रोव्हरचं देखणं शरीर होतं, पण इंजिन जुनाट. ती चारेक वर्षांत आटोपली. प्रीमियर 118 एनई मध्ये फियाट 124 चा सांगाडा होता आणि निसानचं इंजिन. तिन्हींत युरोपचं स्वप्न होतं आणि तिन्हींत कुठेतरी काटकसर केली होती.

आता येतो शीळ रस्त्यावर. उदारीकरणानंतर प्रीमियरनं फ्रान्सच्या प्यूजोशी हात मिळवला आणि 1994 पासून आपल्या डोंबिवलीजवळ, कंपनीच्या कागदांवर 'कल्याण' म्हणून नोंदलेल्या कारखान्यात, प्यूजो 309 तयार होऊ लागली. उच्चार ज्याचा त्याचा. पीजो, पेजो, पूजो, सगळे ऐकले आम्ही. ही गाडी म्हणजे जन्मानंच जराशी पोरकी. इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ टॅल्बट या नावासाठी तिची आखणी झाली. ते नाव गुंडाळायचं ठरलं म्हणून 1985 मध्ये तिच्यावर प्यूजोचा सिंह बसवला. कंपनीच्या मालिकेत 305 नंतर 306 यायला हवी होती, तर ही मध्येच 309 म्हणून घुसली. 306 युरोपात 1993 ला आलीच, आणि तिकडं 309 निवृत्त होत असताना इकडं तिचं बारसं झालं. युरोपात तिची 1.9 लिटरची जीटीआय आवृत्ती होती, जिच्या नावात ती दोन अक्षरं खरोखर आहेत. आपल्याला साधी 1.4 पेट्रोल आणि दीड लिटरची डिझेल मिळाली. पण बैठक आणि चाल तीच फ्रेंच. मऊ आसन, आणि खड्ड्यातून जाताना चाक खाली जातं, माणूस जात नाही.

1997 मध्ये फ्रेंच निघून गेले. कामगारांचा संघर्ष, पैशांची ओढाताण, बाजारात नव्या कोरियन गाड्या, कारणं अनेक. हजारो घरांची चूल त्या फाटकावर अवलंबून होती. डोंबिवलीत त्या वर्षांत ज्यांनी वर्ग घेतले, त्यांना आठवत असेल, फी भरायला उशीर का होतोय हे विचारायची सोय नव्हती.

आम्ही गाडी घेतली 1999 ला, जुनी, 1996 ची डिझेल. बंद पडलेल्या कंपनीची गाडी कोण घेतो? प्राध्यापक घेतो, कारण स्वस्त मिळते.

तिचं सुख कशात आहे ते ऐकायचं असेल तर आमच्याबरोबर कल्याणहून मुरबाडला या. सरळगाव, टोकावडे, मग वैशाखरे. तिथं उजवीकडे नाणेघाटाचा अंगठा दिसतो. सातवाहन काळात कल्याणचा माल जुन्नरला ज्या वाटेनं चढायचा ती ही वाट. वर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. आमची गाडी अर्थात माळशेजनं चढते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जरा कण्हतं, आणि मग खुबी फाट्याशी धरणाचं पाणी समोर उघडतं. ओतूरला मिसळ. पाच तास बसूनही आमच्या बाईसाहेबांच्या कंबरेनं कधी तक्रार केली नाही, आणि ती कंबर तक्रारीत कमी नाही हो. आजच्या गाड्या अधिक सुरक्षित, अधिक वेगवान, हे मान्य. पण रस्ता काय बोलतोय ते स्टिअरिंगमधून हाताला कळणं, हे त्यांच्यात उरलेलं नाही.

आता दुसरी बाजू. या घराण्याच्या गाड्यांना मागे साध्या स्प्रिंगा नसतात. पीळ घेणाऱ्या आडव्या पोलादी दांड्या असतात, आणि चाक धरणाऱ्या हाताची नळी सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर फिरते. झकास चाल येते ती त्यातूनच. पण पाणी शिरलं की बेअरिंग गंजतं, नळी झिजते आणि मागची चाकं वरून आत झुकतात, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसारखी. मग अख्खा आस उतरवून लेथवर चढवावा लागतो. म्हणजे सुख आणि दुखणं एकाच भागात बसलेलं आहे. इंजिनाचं त्या मानानं बरं, कारण मारुतीनं झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांना प्यूजोचंच दीड लिटरचं इंजिन घातलं होतं, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर खूप काळ काही ना काही मिळत राहिलं. काच, दिवे, दाराचं रबर मात्र मिळत नाही. एका पावसाळ्यात आम्ही गाडी झाकून ठेवली आणि विसरलो. उंदरांनी वायरिंगचा फडशा पाडला. तो दोष सर्वस्वी आमचा.

खरी अडचण वेगळीच आहे. ही गाडी भारतात प्रदूषणाची पहिली गंभीर बंधनं आली त्याच्या, म्हणजे 2000 सालाच्या, आधीची आहे. पीयूसी मिळते, पण तिच्या धुरात काजळी आहे आणि ती गाळणारं काहीही तिच्यात नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक दम्याची मुलगी राहते. तिच्या खिडकीखाली थंड डिझेल इंजिन सुरू करताना नीतिशास्त्राचा प्राध्यापक काय उत्तर देणार? आम्ही गाडी ढकलत फाटकाबाहेर नेतो आणि मग सुरू करतो. हे उत्तर नाही, आम्हाला माहीत आहे. आता वर्षातून आठ-दहा वेळाच काढतो, आणि शहरात अजिबात नाही. शीळ रस्त्याच्या कोंडीत काट्याकडे बघत बसण्यात तसाही अर्थ नाही.

कायद्याचं म्हणाल तर पंधरा वर्षांनी फेरनोंदणी, मग दर पाच वर्षांनी. त्याचं शुल्क 600 रुपये होतं, एप्रिल 2022 पासून 5,000, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला 2025 मध्ये 10,000 झालं. पर्यावरण कर निराळा. पन्नास वर्षांवरच्या गाडीला मात्र 2021 च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून मान दिला, वेगळी नंबरपाटी दिली. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा लोक नमस्कार करतात. आमची गाडी त्या मानाला पात्र होईल 2046 मध्ये. तेव्हा आम्ही नव्वदी ओलांडलेली असेल. तोवर ती मधल्या वयाची, म्हणजे कुणाच्याच कौतुकाची नाही.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात ना, मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग 'रथ' हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव ठरतं. हा उतारा आम्ही तीस वर्षं शिकवला. आमच्या गाडीत आज आरसे दुसऱ्या गाडीचे, वायरिंग नवं, इंजिनाचे निम्मे भाग मारुतीच्या नावाने आलेले. नागसेनाचं म्हणणं पटतं. पण इतक्या वर्षांनी एक गोष्ट खटकते. त्याच्या यादीत सुतार नाही. एमआयडीसीतला आमचा लेथवाला दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मुलानं लेथ विकला आणि ती नळी कितीला घासायची हे त्याच्याबरोबर गेलं. त्या दिवशी आमची गाडी जितकी मोडली तितकी उंदरांनी मोडली नव्हती.

एक गृहस्थ अजून येतात. त्या कारखान्यात दारं बसवण्याच्या कामावर होते. कंपनी गेल्यावर काही वर्षं रिक्षा चालवली. गाडीचं डावं मागचं दार नीट लागत नव्हतं, तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं. आले, दार उघडलं, बिजागरीखाली हात घातला, खांद्यानं एकदा वर उचललं आणि लावून पाहिलं. आवाज ऐकला. पुन्हा एकदा. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. म्हणाले, सर, कंपनीत यासाठी मला दीड मिनिट द्यायचे. आम्ही त्यांना माळशेजला घेऊन गेलो. शेकडो गाड्यांना दारं बसवली, पण त्यांतल्या एकीतही बसून ते गावाबाहेर गेले नव्हते.

जूनमध्ये फेरनोंदणीची मुदत संपते. भंगारात दिली तर नव्या गाडीवर सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं, मुलगा बंगळूरहून रोज आठवण करतो. आम्ही परवा पासिंगच्या आधी ब्रेक तपासून घ्यायला गाडी मुरबाड रोडवरच्या मिस्त्रीकडे दिली आहे. समोरच्या काचेला खालच्या कोपऱ्यात तडा आहे. कुणाच्या परसात 309 उभी असेल तर व्याख्यानानंतर कृपया भेटा, काच हवी आहे.