कार्ड आधी, कीर्ती नंतर

हा फुटबॉल अमेरिकी. पायापेक्षा हातांनी अधिक खेळला जाणारा. १९३५ साली, महामंदीच्या काळात, ‘नॅशनल चिकल’ या च्युइंग गम कंपनीने आपल्या पुड्यांसोबत ३६ रंगीत फुटबॉल कार्डे बाजारात आणली.

या संचाचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८९४ साली मेयो तंबाखू कंपनीने फुटबॉल कार्डे काढली, ती हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची. प्रतिष्ठा महाविद्यालयीन खेळाला होती; पैसे घेऊन खेळणारे दुय्यम मानले जात. चिकलच्या संचात मात्र जवळजवळ सारे व्यावसायिक खेळाडूच होते. ठळक अपवाद नूट रॉकनी यांचा. हे महाविद्यालयीन प्रशिक्षक १९३१ मध्येच विमान अपघातात निवर्तले होते.

क्रमांक ३४ वर आहे शिकागो बेअर्सचा ब्रोंको नागुर्स्की. कँटन येथील ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’ १९६३ साली उघडले, तेव्हा पहिल्या १७ मानकऱ्यांत त्याचे नाव होते. इतिहासाने निवाडा देण्यापूर्वी २८ वर्षे हे कार्ड पोरांच्या खिशांत फिरत होते!

आज त्याला प्रचंड किंमत येते, ती केवळ कीर्तीमुळे नव्हे. २५ ते ३६ क्रमांकांची कार्डे मुळातच दुर्मीळ. त्यातही कोपरे शाबूत असलेले कार्ड क्वचितच हाती लागते. झिजलेल्या कार्डाला संग्राहक नाक मुरडतात. मला मात्र तेच अधिक बोलके वाटते: ते कुणीतरी मनसोक्त हाताळलेले असते.