निनावी कोशातील हितसंबंध

ज्या विषयात स्वतःचे आर्थिक, व्यावसायिक किंवा वैयक्तिक हित गुंतले आहे, त्याच विषयावरची कोशनोंद स्वतः लिहिणे किंवा बदलणे याला आज हितसंघर्ष म्हणतात आणि विकिपीडियावर तो मोठा दोष समजला जातो. छापील कोशांच्या काळात मात्र असे लेखन कित्येकदा अधिकाराची खूण मानले जाई. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२६ सालच्या तेराव्या आवृत्तीत मनोविश्लेषणावरची नोंद सिग्मंड फ्रॉइड यांनी, लेनिनवरची ट्रॉट्स्की यांनी आणि जादूच्या प्रयोगांवरची हॅरी हुडिनी यांनी लिहिली होती. कारखान्यांतील घाऊक उत्पादनपद्धतीवरची नोंद तर हेन्री फोर्ड यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. यांपैकी कोणीही आपल्या विषयाबाबत तटस्थ नव्हते. तरीही वाचकाची फसगत होत नसे, कारण नोंद कोणाची आहे हे त्याला कळत असे आणि लेखकाचा कल ध्यानात घेऊन तो ती वाचू शके. फोर्ड यांची नोंद प्रत्यक्षात त्यांच्या कंपनीचे प्रवक्ते विल्यम कॅमेरन यांनी लिहिली होती, म्हणजे सहीसुद्धा उसनी असू शकत होती. परंतु ती बाजू फोर्ड कंपनीची आहे, ही गोष्ट त्या उसन्या सहीनेही झाकली नव्हती. वाई येथून सिद्ध झालेल्या आणि १९७६ मध्ये पहिला खंड प्रकाशित झालेल्या मराठी विश्वकोशातही नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव येते.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने नोंदीखालची ही सही काढून टाकली. एकाच नोंदीवर शेकडो हात फिरणार असल्यामुळे ती कोणा एकाची म्हणता येत नव्हती, आणि टोपणनावाने, किंबहुना नाव न नोंदवताही, लिहिण्याची मुभा हेच तर त्या कोशाच्या वाढीचे प्रमुख कारण होते. सहीच्या जागी आला तो प्रत्येक पानाचा ‘इतिहास’, म्हणजे कोणत्या खात्यावरून अथवा संगणकजोडणीवरून कोणत्या क्षणी कोणता बदल झाला याची आपोआप होणारी नोंद. या इतिहासात बदल दिसतो, पण बदल करणाऱ्याचा त्या विषयाशी संबंध काय हे दिसत नाही. विकिपीडियावरील हितसंघर्षाचा पुढचा सारा प्रवास या उणिवेतून निघालेला आहे.

या प्रश्नाने पहिल्यांदा मोठे लक्ष वेधले ते खुद्द संस्थापकांच्या निमित्ताने. जिमी वेल्स यांनी स्वतःच्या चरित्रनोंदीत अठरा वेळा बदल केले होते आणि लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख त्यांतील काही बदलांत वगळला होता, हे डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. वेल्स यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. पुढच्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसचे सदस्य मार्टी मीहान यांच्या कार्यालयाने त्यांची नोंद बदलून तिच्या जागी कार्यालयातच लिहिलेले चरित्र घातल्याचे उघडकीस आले. ठरावीक मुदतीनंतर पद सोडण्याचे त्यांचे न पाळलेले आश्वासन जुन्या नोंदीत होते, नव्या चरित्रात ते नव्हते. त्याच वर्षी, २००६ मध्ये, पैसे घेऊन नोंदी लिहून देणारा एक व्यवसाय जाहीरपणे सुरू झाला, आणि तोपर्यंत केवळ आत्मप्रौढीविषयी असलेल्या मार्गदर्शक सूचनांचे रूपांतर हितसंघर्षाच्या विस्तृत नियमावलीत झाले. हा नामबदल महत्त्वाचा आहे. आत्मप्रौढी हा स्वभावदोष असतो आणि तो मजकुरातूनच ओळखू येतो, तर हितसंघर्ष हे एक नाते असते आणि ते उत्तम, संयत, तटस्थ भासणाऱ्या मजकुरामागेही दडून राहू शकते.

हे नाते शोधण्याचे साधन ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या संशोधक विद्यार्थ्याने तयार केले. खाते न उघडता कोणी बदल केला, तर इतिहासात त्याच्या संगणकजोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, नोंदला जात असे, आणि असे पत्ते कोणत्या संस्थेच्या मालकीचे आहेत याची यादी जाहीर असते. ग्रिफिथ यांनी या दोन याद्या एकमेकींशी जुळवल्या आणि सुमारे ३ कोटी ४४ लाख बदलांची छाननी सर्वांना खुली केली. मतदानयंत्रे बनविणाऱ्या डीबोल्ड कंपनीच्या जोडणीवरून त्या यंत्रांवरील टीकेचे परिच्छेद वगळले गेल्याचे तिच्यातून जगासमोर आले. सीआयए आणि व्हॅटिकन यांच्या संगणकांवरून झालेल्या बदलांचीही चर्चा झाली. परंतु ही युक्ती खाते न उघडणाऱ्यांपुरतीच चालणारी होती. टोपणनावाचे खाते उघडून लिहिणाऱ्याचा आयपी पत्ता जाहीर होत नसे, त्यामुळे सावध झालेल्या मंडळींना आडोसा सहज उपलब्ध होता.

स्वतःविषयी बोलणारा प्रत्येक जण लबाड असतो, असे मात्र यावरून समजणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीतील नायक साहित्यसमीक्षक अनातोल ब्रॉयार्ड यांच्यावरून सुचला असावा, असे विधान तिच्या नोंदीत होते. ते चुकीचे असल्याचे रॉथ यांच्या वतीने कळविल्यावर, लेखकाचा स्वतःचा शब्द पुरेसा नाही, त्रयस्थ स्रोत हवा, असे उत्तर मिळाले. शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये रॉथ यांना ‘द न्यूयॉर्कर’मध्ये अनावृत पत्र लिहून खरी हकिकत मांडावी लागली, आणि मग ते पत्रच स्रोत ठरले. आपल्याच पुस्तकाच्या जन्मकथेसाठी लेखकाला असा वळसा घालावा लागणे क्लेशकारक होते. तरीही त्या नोंदीत जे आले ते रॉथ यांच्या नावानिशी आले.

सही परत आणण्याचा खरा प्रयत्न जून २०१४ मध्ये झाला. एका व्यावसायिक संस्थेशी संबंधित असल्याच्या संशयावरून शेकडो खाती आदल्या वर्षी बंद करावी लागली होती. त्यानंतर विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने वापराच्या अटींत सुधारणा केली आणि मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक, अशील व इतर संबंध उघड करणे बंधनकारक झाले. पैसे घेण्यावर सरसकट बंदी न घालता लपविण्यावर बंदी घातली गेली, हा या अटीचा गाभा होय. पण प्रामाणिक माणसाने संबंध जाहीर करून चर्चापानावर बदल सुचवायचा आणि कोणा स्वयंसेवकाला सवड होईपर्यंत थांबायचे, तर लपून लिहिणाऱ्याने तत्काळ लिहून मोकळे व्हायचे, अशी विषम स्थिती तिच्यामुळे निर्माण झाली, हेही नोंदवायला हवे. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ३८१ कळसूत्री खाती, म्हणजे एकाच सूत्रधाराने वेगवेगळ्या नावांनी चालविलेली खाती, बंद करून २१० लेख काढून टाकण्यात आले. ज्यांचे लेख नाकारले गेले होते अशा लहान व्यावसायिकांना व कलावंतांना गाठून पैशांच्या बदल्यात लेख प्रसिद्ध करायचा आणि पुढे तो ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा रक्कम मागायची, असा तो उद्योग होता. ज्यांना प्रसिद्धी हवी होती तेच खंडणीचे बळी ठरले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत भारताशी थेट संबंध असलेले एक प्रकरण निकाली निघाले होते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या शिक्षणसंस्थेच्या नोंदीत अनेक वर्षे अनुकूल फेरफार केल्याबद्दल इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने एका टोपणनावाच्या सदस्यावर बंदी घातली. हा सदस्य प्रचालक होता, म्हणजे इतरांची खाती रोखण्याचे व पाने हटविण्याचे अधिकार समुदायाने त्याला विश्वासाने दिलेले होते. व्यवस्थापनाचे शिक्षण कोठे घ्यावे हे ठरविताना ती नोंद वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना यातले काहीच दिसण्याचा मार्ग नव्हता. प्रकरण उजेडात आले ते इतर सदस्यांनी त्याची वर्षानुवर्षांची संपादने चिकाटीने ताडून पाहिली म्हणून. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावरही प्रत्येक पानाचा असाच इतिहास साठत आलेला आहे, पण तो उघडून ओळीमागून ओळ तपासणारे सदस्य तेथे इंग्रजीच्या मानाने फारच थोडे आहेत.